चातुर्मासाचे बिऱ्हाड

आषाढातील एका सायंकाळची गोष्ट. दिवेलागणीच्या वेळी आमच्या धाकट्या कन्येने आमच्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाली, "नाना, मला रेसिडेन्सी मिळाली." आम्ही पडलो जुन्या वळणाचे मास्तर. रेसिडेन्सी म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे मुळा-मुठेच्या संगमावरील इंग्रज वकिलाची कोठी उभी राहिली. १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ती पेशव्यांच्या फौजेने जाळली होती. "त्या रेसिडेन्सीचे पुढे काय झाले, ठाऊक आहे ना?" असा विनोद आम्ही केलाही. कन्या हसली नाही. तेव्हा प्रकरण गंभीर आहे, हे आमच्या ध्यानी आले.

कागदातील मजकूर असा होता. गोव्यातील एका खेड्यात एक जुने, प्रशस्त घर आहे. तेथे निरनिराळ्या कलांतील पाच जणांनी आठ आठवडे एकत्र राहावयाचे. राहण्याची, जेवणाची व काम करण्याच्या खोलीची सोय यजमानांकडे. जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. काय करावे, याविषयी सक्ती नाही. शेवटी एका सायंकाळी गावकऱ्यांस व पाहुण्यांस आपले काम दाखवावयाचे, एवढीच अट.

हे ऐकावयास गोड आहे. परंतु आमच्या घरची परिस्थिती वाचकांनी ध्यानात घ्यावी. कन्येचे वय एकोणतीस. घरांच्या अंतर्भागाची चित्रे काढून देणाऱ्या एका कचेरीत तिला बऱ्या पगाराची नोकरी होती, आणि आठ आठवड्यांची रजा देण्यास त्या कचेरीने साफ नकार दिला होता. शिवाय एका चांगल्या स्थळाशी बोलणी चालली होती, आणि "मुलगी काय करते?" या प्रश्नास नोकरीचे नाव सांगता येणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यातून कन्येचे छंद तरी किती! ती चित्रे काढते, लहानशा मागावर विणते, आणि कानाला यंत्र लावून रस्त्यांवरचे, बाजारांतले आवाज टिपून आणते. आम्ही तिला अनेक वेळा बजावले होते की, बाई, एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल. गीतेने बहुशाखा बुद्धीची निंदा केली आहे, तिचाही दाखला आम्ही देत असू. त्या सायंकाळीही दिला.

कन्या उठून आत गेली. आमचे धाकटे बंधू झोपाळ्यावर बसले होते. तेही काही न बोलता उठले आणि आपल्या खोलीत गेले. त्यांचे ते उठणे आम्हांस लागले. का लागले, ते सांगणे प्राप्त आहे.

१९८४ साली आमचे बंधू बावीस वर्षांचे होते. वडील वारलेले, घरची जबाबदारी आमच्यावर. आम्ही मॅट्रिक होऊन, अध्यापनाची पदविका घेऊन शाळेत लागलो होतो. संस्कृत काय ते पाठशाळेतले. बंधू तबला वाजवीत, गणेशोत्सवातील नाटकांचे पडदे रंगवीत, आणि प्रसंगी त्याच नाटकांत भूमिकाही करीत. एका वृद्ध कलावंताने त्यांचे काम पाहून, "सहा महिने माझ्याकडे येऊन राहा, जेवण घालीन आणि येईल ते शिकवीन," असा निरोप धाडला. त्याच सुमारास बँकेतील कारकुनाच्या जागेचे पत्र आले. आम्ही वडीलकीच्या अधिकाराने बँकेचे पत्र त्यांच्या हाती दिले आणि निरोप आणणाऱ्यास परस्पर नकार सांगितला. बंधूंनी इमाने इतबारे नोकरी केली आणि कात्रजच्या या घराच्या कर्जाचे निम्मे हप्ते फेडले. त्यांनी आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दोष दिला असता तर आम्हांस उत्तर देता आले असते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पहाटे नित्याप्रमाणे तलावावर फिरावयास गेलो. कात्रजचा हा तलाव नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधविला. डोंगरातून येणारे पाणी बांध घालून अडवावे, त्याचा गाळ खाली बसू द्यावा, आणि मग निवळलेले पाणी भुयारी नळाने थेट शहरात न्यावे, अशी ती योजना. वाटेत ठिकठिकाणी वारा जावयास व गाळ काढावयास उच्छ्वास ठेवलेले. शनिवारवाड्यास हेच पाणी, आणि काळा हौद, बदामी हौद यांसारखे पेठांतील हौदही याच पाण्याने भरत. चाळीस वर्षे आम्ही मुलांस हा धडा सांगितला. परंतु पाणी अनेक हौदांत पोहोचावयाचे असेल तर आधी त्याला एके ठिकाणी थांबावे लागते, हा त्यातील अर्थ आम्हांस त्या पहाटे प्रथमच जाणवला. मास्तराने नकार द्यावयाचा तो निदान अभ्यास करून द्यावा, असे ठरवून आम्ही घरी परतलो. पुढील पंधरा दिवस ग्रंथालय आणि कन्येचा संगणक यांत आम्ही घालविले.

प्रथम विदेशाकडे पाहिले. फ्रान्सच्या राजाने १६६६ साली रोममध्ये आपल्या कलावंतांसाठी एक मठच स्थापिला. १८०३ पासून तो मेदिची घराण्याच्या जुन्या वाड्यात आहे. पॅरिसमध्ये स्पर्धा जिंकणाऱ्या तरुण चित्रकारांस, शिल्पकारांस, पुढे संगीतकारांसही, तेथे सरकारी खर्चाने ठेवीत. अमेरिकेत मॅक्डॉवेल नावाच्या संगीतकाराने व त्याच्या पत्नीने १९०७ साली आपल्या शेतावर अशीच सोय केली. लेखक, चित्रकार व संगीतकार तेथे रानातील स्वतंत्र खोपींत बसून काम करू लागले. सर्वांसच असा वास मानवतो, असे मात्र नाही. देब्युसी हा थोर फ्रेंच संगीतकार १८८५ साली रोमच्या त्या वाड्यात राहावयास गेला आणि तेथील वास्तव्यास कंटाळून १८८७ साली परत आला. तेव्हा अशा निवासाने कलावंत घडतोच, असा सिद्धांत कोणी मांडू नये.

मग आम्ही आपल्या देशाकडे वळलो. मुंबईस वॉर्डन रोडवर समुद्राच्या काठी भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ चालविलेली एक संस्था होती. गेल्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत तेथे एका छपराखाली जे काही चालले, ते वाचून आम्ही थक्क झालो. एका खोलीत वासुदेव गायतोंडे चित्र काढीत आहेत, दुसरीकडे हुसेन. गच्चीवर व दालनांत अल्काझी नाटके बसवीत आहेत. रविशंकरांचे संगीतविद्यालय तेथेच. आपल्या विजयाबाई मेहता यांनी नाट्याचे आरंभीचे धडे अल्काझींकडेच घेतले. खोल्यांचे भाडे नाममात्र. चित्रकाराच्या कानावर सतार पडावी आणि नटाच्या दृष्टीस ओले चित्र पडावे, हा लाभ भाड्याच्या हिशेबात बसणारा नव्हे. ती वास्तू आता उरली नाही. परंतु तेथे वावरलेल्या माणसांनी मराठी व भारतीय कलेत काय केले, ते सर्वश्रुत आहे. तेथील गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कला राहून आले, आणि त्याच शहरातील गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले.

दुसरे उदाहरण प्रभाकर बरवे यांचे. हे अलिबागजवळील नागावचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९५९ साली पदविका घेऊन ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले, आणि त्या नोकरीने त्यांस काशीस नेले. विणकरांस नमुने काढून देणे हे तेथील काम. हा काही कोणी मुद्दाम दिलेला कलानिवास नव्हता. नोकरीतील बदली होती. परंतु काशीच्या त्या काही वर्षांत तांत्रिकांची यंत्रे व चिन्हे त्यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांच्या चित्रांचे वळणच पालटले. पुढे ते वळणही मागे टाकून पान, घड्याळ, फळ अशा घरगुती वस्तूंस त्यांनी आपल्या चित्रांत एक निराळेच आयुष्य दिले. आणि हाच चित्रकार १९९० साली 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक लिहून आपल्या विचारप्रक्रियेचा हिशेब वाचकांपुढे ठेवतो! स्थानबदलाने कलावंतास नवे हात फुटत नाहीत. आहेत त्याच हातांस नवी सामग्री सापडते, एवढे आम्ही यावरून समजलो.

तिसरे उदाहरण तर आमच्या पुण्याचेच. दिलीप चित्रे यांचा जन्म १९३८ साली बडोद्यास झाला. उत्तरायुष्य त्यांनी पुण्यात काढले आणि २००९ साली येथेच देह ठेविला. ते कवी, चित्रकार, भाषांतरकार. आणि १९८४ च्या सुमाराचा त्यांचा 'गोदाम' हा चित्रपट फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात परीक्षकांच्या खास पारितोषिकास पात्र ठरला. अमेरिकेत आयोवा येथे १९६७ पासून देशोदेशींच्या लेखकांस एकत्र राहावयास बोलाविण्याचा उपक्रम चालतो. चित्रे तेथे १९७५ ते १९७७ या काळात राहिले. आयोवाने चित्र्यांस घडविले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यापूर्वीच ते नावारूपास आले होते. परंतु जगातील अन्य भाषांच्या लेखकांच्या शेजारी राहून आपली मराठी कवितेची पुंजी कोणत्या तोलाची आहे, ते पारखण्याची संधी त्यांस मिळाली. तुकोबांच्या अभंगांचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १९९१ साली प्रसिद्ध झाले. १९९४ साली साहित्य अकादमीने त्यांच्या मराठी कवितेस आणि या भाषांतरास असे दोन्ही सन्मान दिले. या गृहस्थांस भाराभर चिंध्यांची म्हण लावण्यास आमची जीभ धजेना.

राहता राहिली बहुशाखा बुद्धी. तिचे उत्तर आम्हांस आमच्याच पोथीत सापडले, आणि याची आम्हांस अधिक लाज वाटली. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्ती घडविण्याचे शास्त्र विचारतो. ऋषी म्हणतात, चित्र जाणल्यावाचून मूर्ती कळावयाची नाही. चित्र शिकवा म्हणावे, तर आधी नृत्य हवे. नृत्यास वाद्य हवे. आणि वाद्यास गीत हवे. म्हणजे दगड फोडू पाहणाऱ्यास आमचे पूर्वज गाण्याच्या दारी नेऊन बसवीत होते! आणि इतक्या दूर तरी कशास जावे? आपल्या देवळातील कीर्तनकार काय करतो? गातो, कथा सांगतो, संस्कृत श्लोकाचा अर्थ लावतो, प्रसंगी नाचतो, सोंग आणतो, आणि श्रोत्यांस हसवून पुन्हा रडवितो. त्यास कोणी 'एक काय ते धर' असे म्हटलेले आम्ही ऐकले नाही. गीतेने निंदिली ती निश्चय नसलेली बुद्धी. शाखा पुष्कळ असून मूळ एक असेल, तर त्यास आपण वृक्ष म्हणतो.

आणि निवासाची कल्पनाही आपल्यास परकी नाही. संन्याशाने एके ठिकाणी फार राहू नये. परंतु पावसाळ्याचे दिवस मात्र त्याने एका गावी स्थिर राहावे, हा चातुर्मासाचा नियम आहे. गावाने त्यास भिक्षा घालावी, त्याने गावास चार शहाणपणाचे शब्द सांगावेत. शिष्यास संस्कृतात 'अन्तेवासी' म्हणतात. जवळ राहतो तो. विद्या केवळ ऐकण्याने येत नाही, वासाने येते, हे त्या शब्दातच सांगितले आहे.

इतका अभ्यास झाल्यावर आम्ही कन्येस बोलाविले. होकार देण्यापूर्वी बापाने विचारावयाचे प्रश्न विचारले, आणि ज्यांच्या घरी असे प्रसंग येतील त्यांनीही ते अवश्य विचारावेत. यजमान कोण, आणि पूर्वी तेथे राहून आलेल्यांचे मत काय? राहण्याची व्यवस्था मुलीस सुरक्षित आहे ना? केलेल्या कामावर हक्क कोणाचा राहणार? आणि परत आल्यावर सहा महिने पोटाची सोय काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तिने तयार ठेविली होती. चौथ्यास ती गप्प राहिली. तेवढ्यात आमचे बंधू खोलीतून आले आणि त्यांनी आपल्या बँकेचे पुस्तक तिच्यापुढे ठेविले. म्हणाले, "पोरी, सहा महिन्यांचे माझ्याकडे." मग आमच्याकडे वळून, "दादा, हे तरी अडवू नका." आम्ही मान खाली घातली. एकेचाळीस वर्षांपूर्वी द्यावयाचा होकार आम्ही त्या दिवशी दिला. तो ज्याला द्यावयाचा त्याला मात्र मिळाला नव्हता.

श्रावणाच्या आरंभी ती गेली. पहिला पंधरवडा तिचे फोन उदास येत. काही सुचत नाही, इतर चौघे किती पुढे आहेत, नोकरी उगाच सोडली, असा एकच सूर. गृहिणी म्हणाल्या, "परत बोलावून घ्या." आम्हांस तलावाचा गाळ आठवला. आम्ही म्हटले, "बसू द्या थोडा."

तिसऱ्या आठवड्यात तिने एक विलक्षण प्रश्न विचारला. तेथून जवळच्या वाडीत एक वृद्ध विणकरीण होती. कन्या तिच्या मागाचा आवाज टिपावयास जाई. तो आवाज ऐकून निवासातील एक तालवादक म्हणाला की, यात ठेका आहे. मग दोघांनी बसून चौकटीच्या कागदावर विणीचा नमुना मांडला. आडवे सूत उभ्या सुताच्या वरून गेले की एक खूण, खालून गेले की दुसरी. "नाना," ती म्हणाली, "दोनच खुणा आहेत. त्यांचे सगळे नमुने न चुकता कसे मांडावयाचे?"

अहो, हा तर प्रस्तार! पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरु या दोन खुणांचे सर्व प्रकार क्रमाने मांडण्याची रीत सांगितली आहे. तीन अक्षरांचे आठ प्रकार, तेच आपले य-म-त-र-ज-भ-न-स हे आठ गण. चार अक्षरांचे सोळा. लघूची एक मात्रा व गुरूच्या दोन धरल्या, तर एका मात्रेचा एक प्रकार, दोन मात्रांचे दोन, तिनांचे तीन, चारांचे पाच, पाचांचे आठ; पुढची प्रत्येक संख्या मागल्या दोहोंची बेरीज. हेमचंद्राने हे बाराव्या शतकात सांगून ठेविले आहे. चाळीस वर्षे आम्ही हे गण मुलांकडून घोकून घेतले आणि ते परीक्षेत एका गुणास विकले. त्या रात्री आम्ही फोनवर दीड तास प्रस्तार शिकविला. मध्येच बंधूंनी फोन ओढून घेतला आणि झपतालाचे दहा मात्रांचे खंड, दोन-तीन-दोन-तीन, मांडीवर थाप मारून सांगितले. त्यांच्या हाताची थाप आम्ही कित्येक वर्षांनी ऐकली.

भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही तिघे त्या घरी गेलो. पडवीत दहा हात लांबीचे वस्त्र टांगले होते. झपतालाच्या खंडांप्रमाणे त्यातील वीण पालटत होती, आणि मागाचा टिपलेला आवाज त्याच गतीने ऐकू येत होता. ती विणकरीण पहिल्या रांगेत बसली होती. ती वस्त्रास हात लावून म्हणाली, एका ठिकाणी सूत सैल आहे. आणि ते खरोखरच सैल होते. कन्येने ते सर्वांसमक्ष मान्य केले. आम्हांस त्या वस्त्राइतकाच त्या मान्य करण्याचा अभिमान वाटला.

आता या कथेचा जमाखर्च प्रामाणिकपणे सांगतो. नोकरी गेली ती गेली. स्थळवाल्यांनी 'मुलीचे चित्त स्थिर दिसत नाही' असा निरोप धाडून बोलणी थांबविली; गृहिणींस त्याचे दुःख आहे, आणि ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. कन्या आता आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत चित्रकला शिकविते, उरलेले दिवस विणते. मिळकत पूर्वीच्या निम्मी आहे. बंधूंच्या पुस्तकातील पैसे ती दरमहा थोडे थोडे परत करते, आणि ते तसेच्या तसे तिच्या नावाने दुसरीकडे ठेवितात. परंतु पूर्वी ती तीन छंदांमध्ये धावत असे. आता तिघांस एका कामास जुंपते. हे तिला कोणी शिकविले नाही. तिला थांबावयास जागा मिळाली, शेजारी मिळाले, आणि उद्या काय दाखवू या धास्तीतून काही दिवस सुटका मिळाली. एवढे केले की बाकीचे काम तिचे तिनेच केले.

परवा सकाळी आम्ही व बंधू तलावावर बसलो होतो. पलीकडे कात्रज चौकातील गाड्यांचा गोंगाट सुरू झाला होता. बंधू कठड्यावर बोटांनी काही वाजवीत होते. आम्ही मात्रा मोजल्या, दहा भरल्या. फार दिवसांपासून मनात असलेले वाक्य आम्ही त्या वेळी बोललो. "त्या वेळी आमचे चुकले," एवढेच. त्यांचा ठेका थांबला नाही. समेवर येऊन ते म्हणाले, "दादा, तबल्याला शाई नवी लावून आणली पाहिजे. दुपारी पेठेत याल का बरोबर?"

आम्ही गेलो.